प्लाँकर, पिलक आणि प्रॅट : ब्रिटिशांच्या सौम्य शिव्या समजून घेताना

१८ जानेवारी २०१६ रोजी ब्रिटनच्या संसदेत एका विलक्षण मागणीवर चर्चा झाली. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तेव्हा प्रचार करत असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना ब्रिटनमध्ये प्रवेशबंदी करावी, असा अर्ज पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून संसदेकडे पाठवला होता. लिंकनशायरमधील लाउथ अँड हॉर्नकॅसल मतदारसंघाच्या हुजूर पक्षाच्या खासदार व्हिक्टोरिया ॲटकिन्स यांनी त्या चर्चेत असे सुचवले, की ट्रम्प आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या पबमध्ये आले आणि तिथल्या मतदारांना भेटले, तर ते मतदार कदाचित त्यांना 'वॅझक' म्हणतील. अमेरिकी वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची पाळी मग वर्तमानपत्रांवर आली.

वॅझक म्हणजे मूर्ख, आणि त्यातही डोके उठवणारा मूर्ख. हा शब्द उत्तर इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकापासून रुळलेला आहे. खासदारबाईंनी तो वापरताना घेतलेली काळजी पाहण्यासारखी आहे. शब्द उच्चारला त्यांनीच, पण तो स्वतःच्या खात्यावर न मांडता मतदारांच्या खात्यावर मांडला. जागाही पबची निवडली, जिथे अशी भाषा चालून जाते. आणि शब्द असा घेतला, की ज्याचा नुसता उच्चार ऐकूनच हसू यावे. अपमान पुरेपूर झाला, पण सभ्यतेची वेस कुठे ओलांडली गेली नाही. ब्रिटिश लोकांच्या रोजच्या बोलण्यात अशा सौम्य शिव्यांचा मोठा साठा आहे, आणि शब्दकोश उघडून त्यांचा उलगडा होत नाही, कारण कोशात त्यांतल्या बहुतेकांपुढे 'मूर्ख माणूस' एवढेच लिहिलेले सापडते. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणते विशेषण जोडून तो शब्द म्हटला, यावर त्याचे वजन ठरते.

एक प्रसंग घेऊन हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहू. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत एका गृहस्थाने पंपावर घाईघाईत डिझेल भरले आणि गाडी रस्त्यात बंद पडली. हा किस्सा तो स्वतः ऑफिसात सांगेल, तेव्हा 'मी अगदी वॉली ठरलो' असे म्हणेल. वॉली म्हणजे चारचौघांत स्वतःचे हसे करून घेणारा, आणि हा शब्द स्वतःबद्दल वापरायला फार सोयीचा आहे. (लंडनच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानात मुरवलेल्या काकडीलाही वॉली म्हणतात, त्यामुळे तिथे कोणी वॉली मागितला तर भांडण समजू नये.) त्याचा जुना मित्र त्याला 'प्लाँकर' म्हणेल आणि पाठीवर थाप मारेल. एखादी वयस्क, जुन्या वळणाची आत्या 'ट्विट' म्हणेल, कारण ट्विटमध्ये रागाचा लवलेश नसतो, फक्त बावळटपणा असतो. टाकी रिकामी करायला आलेला मेकॅनिक त्याच्या तोंडावर काहीच बोलणार नाही, पण गॅरेजमध्ये परतल्यावर सहकाऱ्याला सांगेल की आज एक 'मपेट' भेटला होता; ज्याला सोपवलेले साधे काम जमत नाही तो मपेट, आणि म्हणूनच फुटबॉलचे पंच, नवशिके चालक आणि सरकारी खात्यांचे मंत्री यांच्या वाट्याला हा शब्द जास्त येतो. गाडी जर शेजाऱ्याकडून मागून आणलेली असेल, तर शेजारी 'पिलक' म्हणेल, कारण पिलकच्या मूर्खपणाची झळ दुसऱ्याला लागलेली असते आणि बोलणारा थोडा चिडलेला असतो. गाडीबद्दल आपल्याला सगळे कळते अशी फुशारकी मारून झाल्यावर त्याच गृहस्थाने हा पराक्रम केला असेल, तर तो 'प्रॅट'. आणि शेजाऱ्याची खोड मोडावी म्हणून त्याने मुद्दाम डिझेल भरले असेल, तर मात्र तो यांपैकी कोणीच नाही, तो 'गिट' ठरतो. गिट हा मूर्ख नसून खवचट, त्रासदायक माणूस असतो.

यांपैकी प्लाँकर हा शब्द घरोघर पोचवण्याचे श्रेय बीबीसीच्या एका विनोदी मालिकेला जाते. १९८१ मध्ये सुरू झालेल्या 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या मालिकेत दक्षिण लंडनच्या पेकम भागात फुटकळ माल विकून लक्षाधीश होण्याची स्वप्ने पाहणारा डेल आपल्या धाकट्या भावाला, रॉडनीला, ऊठसूट प्लाँकर म्हणतो. २९ डिसेंबर १९९६ रोजी दाखवलेला या मालिकेचा भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला होता, यावरून तिची पकड लक्षात यावी. प्लाँकरला शोभणारा मूर्खपणा नेमका कसा असतो, हे तिच्यातल्या झुंबराच्या प्रसंगात दिसते : एका उमरावाच्या वाड्यातली झुंबरे स्वच्छ करण्याचे काम हे कुटुंब घेते, दोघे भाऊ शिडीवर चढून एका झुंबराखाली कापड ताणून जय्यत तयारीत उभे राहतात, आजोबा वरच्या मजल्यावर जाऊन स्क्रू सैल करतात, आणि पलीकडचे दुसरेच झुंबर धाडकन खाली येऊन चक्काचूर होते. हेतू वाईट नाही, मेहनतही आहे, फक्त एक साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. त्या मालिकेत थोरला भाऊ धाकट्याला प्लाँकर म्हणतो, तेव्हा त्यात वैतागाइतकीच माया असते; आपल्याकडे कोकणातली आजी नातवाला 'अरे मेल्या' म्हणते तेव्हा तिला नातू मरावा असे वाटत नसते, तशातलाच हा प्रकार आहे.

नाम निवडले की काम संपत नाही. या शिव्यांचे व्याकरण त्यांच्या अर्थाइतकेच महत्त्वाचे आहे. 'यू' हे सर्वनाम पुढे आले की शब्द थेट अंगावर जातो. 'अ बिट ऑफ अ' म्हणजे 'थोडासा' हे शब्द पुढे लावले की तोच शब्द पाठीमागे करायच्या, सुस्कारा सोडत केलेल्या टीकेत बदलतो. एखाद्या सहकाऱ्याबद्दल कोणी 'तो जरा प्रॅटच आहे' असे शांतपणे म्हणाला, तर ते 'यू प्रॅट' असे ओरडण्यापेक्षा जास्त गंभीर असते, कारण ओरडणे त्या क्षणाबद्दल असते आणि शांत विधान स्वभावाबद्दल. 'ओल्ड' हे विशेषण धार बोथट करते, त्यामुळे 'सिली ओल्ड सॉड' म्हणजे जवळजवळ लाडाने म्हटलेला 'खुळा म्हातारा'. 'लकी' किंवा 'जॅमी' हे शब्द गिटच्या आधी आले, की शिवी न राहता ती नशीबवान माणसाबद्दलची असूया होते. लॉटरी लागलेल्या मित्राला 'जॅमी गिट' म्हणणे हे अभिनंदनच आहे. आणि 'ॲब्सोल्यूट' या विशेषणाची तऱ्हा तर और आहे. ते एकदा लावले की मागे येणाऱ्या शब्दाला स्वतःचा काही अर्थ असण्याची गरजच उरत नाही. ॲब्सोल्यूट डोनट, ॲब्सोल्यूट मेलन, ॲब्सोल्यूट स्पून, असे काहीही म्हटले तरी समोरच्याला बरोबर कळते की आपल्याला मूर्ख म्हटले आहे. डोनट, खरबूज आणि चमचा यांच्यात मूर्खपणाचा समान धागा शोधायला जाऊ नये, तो नाही.

आता या शब्दांच्या कुळाकडे वळू, कारण इथे परक्या माणसाची हमखास फसगत होते. बहुतेकांचे कूळ मुळीच सभ्य नाही. पिलक हा शब्द पुरुषाच्या इंद्रियासाठी असलेल्या जुन्या बोलीशब्दावरून आला आहे आणि त्याचे जुने रूप शेक्सपिअरच्या 'किंग लियर'मध्ये एडगरच्या तोंडी आढळते. प्लाँकरलाही तोच अर्थ होता. प्रॅट म्हणजे सोळाव्या शतकापासून ढुंगण. विनोदी नट पाय घसरून त्यावर आपटतो, त्या पडण्याला 'प्रॅटफॉल' म्हणतात. गिट हे 'गेट' या उत्तरेकडील शब्दाचे भावंड आहे आणि त्याचा अर्थ अनौरस संतती असा होता. 'सॉड'च्या मुळाशी 'सॉडमाइट' म्हणजे समलिंगी संभोग करणारा हा शब्द आहे. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट 'बर्क'ची. पूर्व लंडनच्या कॉकनी लोकांच्या यमकी बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि नंतर यमकाचा भागच गाळून टाकायचा अशी रीत आहे. 'बर्कली हंट' किंवा 'बर्कशर हंट' या शिकारी मंडळींच्या नावातला 'हंट' ज्या शब्दाशी यमक साधतो, तो इंग्रजीतला आजही सर्वांत असभ्य मानला जाणारा, स्त्रीच्या अवयवाचा शब्द आहे. हंट गळाला, बर्क उरला, आणि आज सोज्वळ निवृत्त शिक्षिकाही टीव्हीवरच्या पुढाऱ्याला निःशंकपणे बर्क म्हणतात.

तेव्हा शिवीची तीव्रता व्युत्पत्तीवरून ठरवता येत नाही, ती आजच्या कानाला विचारावी लागते. ब्रिटनमध्ये हे काम चक्क सरकारी पातळीवर होते. दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांचे नियमन करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०१६ मध्ये लोकांना विचारून आक्षेपार्ह शब्दांची सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशी प्रतवारी केली. गिट, ब्लडी, डॅम, क्रॅप हे शब्द सौम्य गटात पडले. मुले टीव्ही पाहत असण्याची शक्यता धरून रात्री नऊपूर्वी तीव्र भाषा दाखवू नये असा तिथे नियम आहे, आणि सौम्य गटातील शब्दांबद्दल श्रोत्यांची फारशी तक्रार नसते. यांपैकी 'ब्लडी'चा प्रवास तर आपल्याही नाट्यरसिकांना जवळचा वाटेल. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवालीने रंगमंचावर हा शब्द उच्चारला आणि केवढी खळबळ उडाली. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' रचली. आज तोच शब्द ब्रिटिश माणूस पावसाला, रेल्वेला आणि बंद पडलेल्या प्रिंटरला सारख्याच सहजतेने लावतो.

याच्या अगदी उलट घडते ते 'स्टुपिड'च्या बाबतीत. इंग्रजी शाळांत आणि कचेऱ्यांत 'स्टुपिड' आणि 'इडियट' हे शब्द आपण चण्याफुटाण्यांसारखे उधळतो. मराठी बोलतानाही ते सहज येतात आणि कोणी फारसे मनावर घेत नाही. ब्रिटनमध्ये 'स्टुपिड' टोचतो, कारण तो कृतीला नाही तर बुद्धीला लागतो आणि त्यात गंमत अजिबात नसते. १९ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधान थेरेसा मे उत्तर देत असताना विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन ओठांतल्या ओठांत 'स्टुपिड वुमन' म्हणाले, असा आरोप झाला आणि कॉमन्स सभागृहात गदारोळ माजला. आपण 'स्टुपिड पीपल' म्हटले, असा खुलासा कॉर्बिन यांना करावा लागला. या वादात बाईपणाचा मुद्दा मोठा होता हे खरे, पण त्याच जागी 'सिली' असता तर वादाची धग निश्चित कमी असती. सिली आणि डाफ्ट हे दोन शब्द नवख्याने आधी शिकावेत. दोन्हींचा अर्थ खुळा, येडपट असा आहे आणि दोन्हींत समोरच्याला सावरून घेण्याची सोय आहे. लहान मुलांना तर 'सिली सॉसेज' म्हणतात, आणि मुले खुदकन हसतात.

डाफ्टवरून एक खास उत्तरेकडचा प्रयोग आठवतो. यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये आई मुलाला 'डाफ्ट एपथ' म्हणते. एपथ म्हणजे 'हाफपेनी वर्थ', म्हणजे अर्ध्या पेनीत जेवढे येईल तेवढे. भराभर बोलता बोलता त्याचा असा चोळामोळा झाला. अर्धी पेनी हे नाणे १९८४च्या डिसेंबरमध्ये चलनातून बाद झाले, पण शिवीत ते अजून चालते, जशी आपल्या तोंडी दमडी आणि कवडी अजून आहे. प्रदेशाप्रमाणे हा शब्दसाठा बदलत जातो. स्कॉटलंडमध्ये 'नम्प्टी' आणि 'डाफ्टी', आयर्लंडमध्ये 'ईजिट', जो इडियटचाच तिकडचा उच्चार असूनही इडियटपेक्षा कितीतरी मऊ लागतो, लिव्हरपूलमध्ये 'सॉफ्ट लॅड', वेल्समध्ये मंद माणसासाठी वेल्श भाषेतला 'टुप', मिडलंड्समध्ये फुरंगटून बसणाऱ्यासाठी 'मार्डी'. कॉर्नवॉलचे लोक उन्हाळ्यात झुंडीने येणाऱ्या पर्यटकांना 'एमेट' म्हणतात, म्हणजे मुंग्या. राजकारणी माणसे या प्रादेशिकतेचा उपयोगही करून घेतात. एप्रिल १९८३ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी विरोधी मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांना निवडणुकीला घाबरता म्हणून डिवचताना 'फ्रिट' म्हणजे घाबरलेला हा आपल्या लिंकनशायरच्या बोलीतला शब्द वापरला. एरवी तोलूनमापून बोलणाऱ्या या बाईंच्या तोंडून ग्रँथमच्या किराणा दुकानातली मुलगी क्षणभर बोलून गेली, आणि तो शब्द त्यांच्या कितीतरी लांबलचक भाषणांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

मूर्खपणा सोडून स्वभावाच्या इतर खोडींवरही शब्द आहेत. त्यांतील 'जॉब्सवर्थ' हा मला सर्वांत उपयोगी वाटतो आणि आपल्याकडे त्याला एका शब्दात तोड नाही याचे नवल वाटते, कारण तो माणूस आपल्याकडे मुबलक आहे. 'साहेब, माझी नोकरी जाईल' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यावरून तो बनला. ग्रंथालय बंद व्हायला पाच मिनिटे असताना 'आता पुस्तक परत घेता येणार नाही' म्हणणारा, फाटक उघडे असूनही 'पलीकडच्या फाटकाने या' असे सांगणारा, नियमाचा हेतू विसरून नियमाला कवटाळणारा तो जॉब्सवर्थ. लोकांच्या भानगडीत नाक खुपसणारा 'नोझी पार्कर'. भित्र्या, कचखाऊ पुरुषाला 'बिग गर्ल्स ब्लाउझ' म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी भर सभागृहात कॉर्बिन यांना उद्देशून तो वापरला, तेव्हा अनेकांना तो विनोदी वाटला आणि अनेकांनी बायकांना भित्रे ठरवणारा म्हणून त्यावर टीका केली. हा शब्द सौम्य गटातून हळूहळू सरकतो आहे असे समजायला हरकत नाही.

ब्रिटिशांची आणखी एक खोड अशी, की ते हुशारीचीही शिवी करतात. 'टू क्लेव्हर बाय हाफ' म्हणजे निम्म्याने जास्तच हुशार. आपला दीडशहाणा हिशेबात त्याला तंतोतंत जुळतो. मार्च १९६१ मध्ये लॉर्ड सॉल्सबरी यांनी उमरावांच्या सभागृहात वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांचे वर्णन या शब्दांत केले. आफ्रिकेतील वसाहतींना झपाट्याने स्वातंत्र्य देण्याचे मॅक्लाउड यांचे धोरण त्यांना पसंत नव्हते. शब्द अगदी शाळकरी थट्टेचे, पण ते मॅक्लाउड यांना जन्मभर चिकटले, कारण त्यांच्या पक्षात हुशारी ही थोडी संशयास्पद गोष्ट मानणारे लोक पुष्कळ होते.

संसदेचा उल्लेख वारंवार येतो आहे, तर तिथला नियमही पाहू. कॉमन्सचे सभापती असंसदीय भाषेला हरकत घेतात आणि सदस्याला शब्द मागे घ्यायला सांगतात. आजवर हरकत घेतलेल्या शब्दांत भेकड, देशद्रोही, गुंड, डुक्कर, उंदीर अशा अर्थाच्या शब्दांसोबत गिटही आहे. म्हणजे टीव्हीच्या श्रोत्यांना जो शब्द सौम्य वाटतो, तो सभागृहात चालत नाही. जागा बदलली की प्रत बदलते. त्याहून महत्त्वाचे हे, की सभागृहात सर्वांत कडक बंदी शिवीवर नसून अप्रामाणिकपणाच्या आरोपावर असते. एप्रिल २०१६ मध्ये मजूर पक्षाचे ज्येष्ठ सदस्य डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना 'डॉजी डेव्ह' म्हटले. डॉजी म्हणजे ज्याच्या व्यवहारात काहीतरी काळेबेरे आहे असा. नाक्यावर हा शब्द कोणी मनालाही लावून घेणार नाही, पण स्किनर यांनी तो मागे घ्यायला नकार दिला आणि त्यांना त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जावे लागले.

तरीही ब्रिटनमध्ये खरी ठिणगी पडते ती वर्गभेदाला हात लागला की. १९ सप्टेंबर २०१२च्या संध्याकाळी सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल सायकलवरून डाउनिंग स्ट्रीटबाहेर पडत होते. पोलिसांनी त्यांना मुख्य फाटकाऐवजी पादचाऱ्यांच्या फाटकाने जायला सांगितले आणि शब्दाने शब्द वाढला. आपण तिथे इंग्रजीतला सुप्रसिद्ध अतितीव्र शब्द वापरला, हे मिचेल यांनी कबूल केले आणि माफी मागितली. त्यांनी निकराने नाकारला तो दुसराच शब्द, 'प्लेब'. रोममधल्या सामान्य प्रजेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलेला, ऐकायला पाठ्यपुस्तकी वाटणारा हा शब्द. पण महागड्या खासगी शाळेत शिकलेल्या पुढाऱ्याने तो पोलीस शिपायाला म्हणणे म्हणजे 'तू हलक्या वर्गातला' असे सांगणे होते. महिनाभरात मिचेल यांना पद सोडावे लागले. पुढे प्रकरणाला अनेक फाटे फुटले, एका पोलिसालाही खोटेपणाबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मिचेल यांनी प्लेब किंवा त्याच्या जवळपासचा शब्द वापरला असावा असा निर्णय अब्रुनुकसानीच्या दाव्यात दिला. जो शब्द रात्री नऊपूर्वी टीव्हीवर म्हणता येत नाही तो माफ झाला, आणि जो कुठल्याही घाणेरड्या शब्दांच्या यादीत नाही त्याने मंत्र्याला घरी बसवले. ब्रिटिश शिव्यांबद्दल एकच प्रकरण वाचायचे असेल तर ते हेच वाचावे.

'चॅव' या शब्दाचीही अशीच कथा आहे. स्वस्त दागिने आणि ट्रॅकसूट घालणाऱ्या गरीब वस्तीतल्या तरुणांसाठी तो २००० नंतर सर्रास वापरला गेला, आणि काही वर्षांतच ही थट्टा नसून गरिबांची हेटाळणी आहे अशी जाणीव वाढली. बहुतेक अभ्यासक तो रोमानी भाषेतल्या 'मूल' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. रोमानी ही भारतातून गेलेल्या लोकांची भाषा, त्यामुळे तो शब्द आपल्या 'छावा'चा दूरचा नातेवाईक आहे. आपल्याकडे छावा म्हटले की छाती फुगते, तिकडे त्याच कुळातल्या शब्दाने माणूस खजील होतो.

वंशाबद्दलचे शब्द तर या लेखाच्या विषयातच बसत नाहीत, ते कधीच सौम्य नसतात, भले बोलणारा हसत असो. इंग्लंडमध्ये चेष्टामस्करीला 'बँटर' म्हणतात आणि या शब्दाचा आडोसा पुष्कळदा घेतला जातो. क्रिकेटपटू अझीम रफीक यांनी यॉर्कशायर क्लबमध्ये आपल्याला वंशावरून हिणवले गेल्याची तक्रार केली. पाकिस्तानी वंशाच्या लोकांसाठीची हीन शिवी चौकशी अहवालात मैत्रीपूर्ण बँटर ठरवली गेल्याचे उघड होताच २०२१ मध्ये संतापाची लाट उसळली आणि नोव्हेंबरमध्ये रफीक यांनी संसदीय समितीपुढे साक्ष दिली. प्लाँकर आणि अशा शब्दांतला फरक साधा आहे. प्लाँकर म्हटलेला माणूस उद्या शहाणपणाने वागून तो शब्द पुसून टाकू शकतो. जन्म, कातडी आणि गरिबी त्याला पुसता येत नाही.

वेडेपणाच्या शब्दांत मात्र आपला एक थेट वाटा आहे. कोणी चक्रमासारखे वागू लागले की ब्रिटिश माणूस म्हणतो, तो 'डूलॅली' झाला. हे आपल्या नाशिकजवळचे देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत, आणि जहाजांचा हंगाम हुकला तर महिनोन्‌महिने अडकून पडत. काम नाही, ऊन भरपूर, दारू जवळ. त्यातून येणाऱ्या वेडसरपणाला ते 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. ताप मागे पडला, देवळाली इंग्रजीत राहिली, आणि आज हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना ते एका गावाचे नाव आहे याची कल्पना नसते. क्रिकेट पाहणाऱ्यांना ठाऊक असलेल्या 'बार्मी आर्मी'तला बार्मीही याच गटातला. दारू आंबताना वर येणाऱ्या फेसाला बार्म म्हणतात, म्हणून ज्याच्या डोक्यात फेस आहे तो बार्मी. इंग्लंडच्या पाठीराख्यांना हे नाव १९९४-९५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मिळाले आणि त्यांनी ते आनंदाने मिरवले.

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला यातून व्यवहाराचे काय घेता येईल, तेही पाहू. सहकाऱ्याने हसत हसत मपेट किंवा प्लाँकर म्हटले, तर बहुधा त्याने तुम्हाला आपल्यात घेतले आहे. अनोळखी माणसाशी तो इतके मोकळे बोलत नाही. त्याच दिवशी उलट शब्द फेकण्याची मात्र घाई करू नये. आधी हे शब्द स्वतःवर वापरावेत. 'मी पण काय डाफ्ट आहे, फाईल जोडायलाच विसरलो' असे म्हणणारा माणूस तिथे लवकर आवडतो. वरिष्ठांना, ग्राहकांना आणि सासरच्या मंडळींना यांतले काहीही म्हणू नये. ईमेलमध्ये आवाजाचा चढउतार आणि चेहऱ्यावरचे हसू पोचत नाही, त्यामुळे बोलण्यातला निरुपद्रवी पिलक लेखी स्वरूपात तक्रारीचा पुरावा ठरू शकतो. आणि बैठकीत एखादा इंग्रज सहकारी तुमच्याशी अचानक फार अदबीने बोलू लागला, प्रत्येक वाक्याआधी 'विथ रिस्पेक्ट' म्हणू लागला, तर त्याला तुमचे म्हणणे अजिबात पटलेले नाही असे खुशाल समजावे.

शब्दांना वयही असते. ट्विट, वॉली, बर्क हे आता पन्नाशीपुढच्या पिढीचे शब्द झाले आहेत. विशीतल्या मुलाने ते वापरले तर आजोबांचा कोट घातल्यासारखे दिसते. लंडनच्या शाळांतली मुले आज निकम्म्या माणसाला 'वेस्टमन', अभ्यासू आणि अवघडलेल्याला 'नीक', दुबळ्याला 'मेल्ट' किंवा 'वेट वाइप' म्हणतात. तिथे वाढणारी मराठी मुले हे शब्द घरी आणतात आणि आईबाबांना त्यांचे वजन कळत नाही. मुलाने बहिणीला नम्प्टी, मपेट किंवा मेल्ट म्हटले, तर आपल्याकडे 'माठ' म्हटल्यावर जेवढे रागवाल तेवढे रागवावे. 'बेलएंड' किंवा 'नॉब' हे शब्द कानावर आले तर त्याला थांबवावे, कारण ऐकायला ते इतरांसारखेच गमतीदार असले तरी ऑफकॉमच्या २०१६च्या प्रतवारीत दोन्ही तीव्र गटात होते आणि शाळेतून घरी फोन येण्याची शक्यता आहे.